लाईनीचं दुसरं टोक

आमच्या गावात लाईन हा इंग्रजी शब्द एकच होता, आणि तो आमच्या माजघरात राहायचा. त्याचं एक टोक दाराजवळच्या खिळ्याला बांधलेलं असायचं आणि दुसरं टोक माझी ठकूआत्या धरून बसायची. बाकीच्या गावांकडे हा शब्द पोत्यानं असेल, मला त्यांचं माहीत नाही. आमच्याकडे एक होता. ज्याला लागेल त्यानं यावं, मागून न्यावा आणि दिवस मावळायच्या आत आणून द्यावा.

शब्द माझ्या आजोबांनी आणला. ते गवंडी होते. धरणाच्या कामावर एक गोरा साहेब दिवसभर भिंतीच्या कडेनं हिंडत हा एकच शब्द म्हणायचा. एके दिवशी म्हणता म्हणता तो त्याच्या तोंडातून खाली पडला. साहेब तसाच पुढे गेला. आजोबांनी तो उचलला, झटकला, पंजा आणि कोपर यांच्याभोवती गुंडाळला आणि घरी घेऊन आले. पांढरा, पातळ, चांगल्या पिळाचा शब्द होता. तेव्हा त्याचा उपयोगही एकच होता. दोघांनी दोन टोकं धरायची आणि त्याच्या कडेनं विटा लावत जायच्या.

गवंड्याची दोरी एकट्याची नसते, पलीकडे कुणीतरी लागतं. आजोबांनी पलीकडचं टोक आत्याच्या मुठीत दिलं तेव्हा ती सात वर्षांची होती. "ठके, सोडायचं न्हाई," एवढंच ते म्हणाले. आत्यानं सोडलं नाही. लग्नात सप्तपदीलाही ते तिच्या मुठीत होतं. आठ दिवसांनी नवरा म्हणाला, दोरी तरी ठेव नाहीतर मला तरी ठेव. नवव्या दिवशी आत्या माहेरी आली. पुढे माझे आईबाप गेल्यावर तिनं मला एका हातानं वाढवलं. लोक म्हणायला म्हणतात तसं नव्हे, खरोखरच एका हातानं. माझी वेणी ती दातात धरून घालायची.

गवंडीकाम मलाही तिनंच शिकवलं. भिंत लांब असली की ओरडून ऐकू जात नाही, म्हणून दोरीला टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे धरलंय. दोन टिचक्या म्हणजे ताण. तिसरी टिचकी आमच्या धंद्यात नाही.

वीज आली तेव्हा वायरमन लोहकरे पहिल्यांदा शब्द मागायला आला. मी खिळ्यावरचं टोक सोडून त्याच्या हातात दिलं. तो ते घेऊन खांबावर चढला, आत्यानं आतून ताण दिला आणि गावात दिवे लागले. "लाईन आली, लाईन आली!" म्हणून पोरंबाळं, म्हातारेकोतारे सगळे नाचले. मग रोजच कुणी ना कुणी येऊ लागलं. स्टँडवरचा कंट्रोलर भोईटे प्रवाशांना एकामागं एक उभं करायला न्यायचा. शाळेतल्या खुटाळे बाई पाटीवर आखायला न्यायच्या. इलाही शिंप्यानं आठ दिवस रोज नेला आणि नळावर पाण्याला येणाऱ्या शमीमवर मारला. आता त्यांना दोन मुली आहेत, म्हणजे शब्द वाया गेला नाही.

अडचण एकच होती. एकाकडे असला की दुसऱ्याला मिळायचा नाही. लोहकरे खांबावर असला की स्टँडवर नुसती झुंबड. एकदा शब्द भोईट्याकडे असताना वरच्या आळीला स्थळ बघायला पाहुणे आले. मुलीच्या बापानं विचारलं, "मुलगा कुठल्या..." आणि तो तसाच उघड्या तोंडानं थांबला. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, बिचारा तसाच. दिवस मावळताना भोईटे शब्द देऊन गेला, मी तो धावत वरच्या आळीला पोचवला, तेव्हा त्याचं वाक्य पुरं झालं. मुलगा औषधांच्या लाईनला होता. लग्न जमलं.

पण खरी भानगड वेगळीच होती. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. वाटी आली साखरेची, तर जाताना तिच्यात चार शेंगदाणे तरी घालायचे. लोहकऱ्याची बायको जुन्या वळणाची. ती म्हणाली, "अहो, शब्द झाला तरी माणसांचा हाय. रिकामा कसा दिता?" म्हणून लोहकऱ्यानं परत देताना त्यात थोडा करंट घातला. खुटाळे बाईंनी कान धरून उभं राहायची शिक्षा घातली, बाईंकडे दुसरं काय असणार. इलाहीनं लग्नानंतर उरलेली शीळ घातली. भोईट्यानं तर कमालच केली. एकदा माळवाडीची गाडी आलीच नाही. दिवस मावळला, शब्द परत करायचा, आणि चाळीस माणसं अजून रांग धरून उभी. त्यांना ठेवायचं कुठं हे न सुचून त्यानं ती चाळीसच्या चाळीस पिशव्यांसकट शब्दात घालून आणली.

"अरे बाबा, माणसं हायत ती," मी म्हणाले.

"शांत हायत, ताई," भोईटे म्हणाला. "त्रास न्हाई देणार."

मीही ठेवून घेतली. दिलेलं परत करणं आमच्यात बरं दिसत नाही.

जे जे आत गेलं त्यानं शब्द दोनदोन हातांनी लांबला. आणि आत्याला दोरी ढिली चालायची नाही. शब्द लांबला की ती पाटासकट मागे सरकायची, आणि तिच्यामागची भिंत मुकाट्यानं मागे व्हायची. अशानं आमचं माजघर लांबत गेलं. विटा तेवढ्याच आणि खोली लांब, म्हणजे ती अरुंद होणार हे कुठलाही गवंडी सांगेल. पहिल्या वर्षी आत्याला चहा द्यायला मला चार पावलं जादा पडली. नंतर पदर खोचून चालावं लागलं. नंतर चहा पोचेपर्यंत त्यावर साय धरायची, आणि आत्या म्हणायची, "गार चहा आन् गार माणूस, दोन्ही मला चालत न्हाई." शेवटी खोली एवढी अरुंद झाली की मला अंग आडवं करून आत शिरावं लागायचं.

मग आवाजालाही वेळ लागायला लागला. मी सकाळी विचारायचे, "आत्या, साखर पुरं का?" आणि उत्तर दुपारी यायचं. पुढे दुसऱ्या दिवशी यायचं. मी एक विचारलेलं असायचं आणि उत्तर भलत्याचंच मिळायचं. "आत्या, थंडी वाजती का?" असं विचारावं आणि आतून यावं, "भाजीत घाल, वाया नगं घालवूस." मला सवय झाली. प्रश्न आणि उत्तर जवळजवळ राहायला पाहिजेत असं काही नाही. टिचकी तेवढी लगेच पोचायची. मी रोज सकाळी एक टिचकी मारायचे, पलीकडून एक यायची. धरलंय.

चैत्रातल्या एका सकाळी टिचकी आली ती फार बारीक होती. जेवणवेळेला आतून आत्याचा आवाज आला.

"सगुणा, हात भरून आलाय गं. बोटं उघडाया लागल्यात."

मी भाकरी तशीच तव्यावर टाकून उठले. त्या दिवसांत तिचं बोलणं चार दिवस मागे असायचं. म्हणजे हे वाक्य चार दिवसांपूर्वीचं होतं. चार दिवस ती उघडणाऱ्या बोटांनी धरून बसली होती, आणि मी इकडे तिला डाळीत मीठ किती घालू म्हणून विचारत होते. माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मी किटलीत चहा घेतला, दोन भाकऱ्या बांधल्या आणि आत शिरले. भाकऱ्या संपेपर्यंत चालले. दोन्ही खांदे भिंतींना घासत होते. आत अंधार होता. फार पुढे, तिळाएवढी, आत्या दिसली. तिळाएवढीच राहिली. मी चालले की खोली तेवढी जादा भरायची. किटली गार झाली. टोक नुसतं खिळ्याच्या भरवशावर टाकून आले होते, कुणी येऊन ओढलं असतं, म्हणून मला परतावं लागलं.

दाराशी आले तर भोईटे शब्द न्यायला उभा.

"मिळायचा न्हाई," मी म्हणाले. "आत्याचा हात दुखतोय. आता ह्याला कुणी हिसका द्यायचा न्हाई."

दोन दिवसांत गावाची दैना झाली. दिवे गेले. स्टँडवर एकाच गाडीच्या एकाच दारातून सगळे एकदम चढले आणि कुणीच आत गेलं नाही. शाळेतली अक्षरं पाटीवरून घरंगळायला लागली. पाणी नळापर्यंत कुठून जायचं तेच विसरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गाव आमच्या अंगणात आलं. सगळं गाव. सगळ्यांच्या पुढे लोहकरे, हातात पक्कड.

"सगुणाताई, राग मानू नका," तो म्हणाला. "मधनं तोडू. अर्धा तुमाला, अर्धा गावाला."

"आणि आत्या कुणाच्या अर्ध्यात?"

 दोरी जिथं तुटेल तिथं भिंत तुटणार आणि तिथून पलीकडचं घर आमचं राहणार नाही, हे त्यालाही कळत होतं. त्याच्याही घराचं जोतं आत्यानंच टोक धरून सरळ केलं होतं.

"मग काय अंधारात मरायचं का गावानं?" मागून कुणीतरी ओरडलं.

लोहकऱ्यानं मान खाली घातली आणि पक्कड दोरीला लावली. त्यानं स्वतःच घातलेला करंट त्याला असा बसला की पक्कड अंगणातल्या तुळशीपर्यंत उडाली. तो भिंतीला आपटला, आणि भिंतीवर टांगलेलं माझं घमेलं खाली पडून गोल गोल फिरत राहिलं.

मला रडू आलं होतं आणि राग आला होता. राग आधी आला. मी ते घमेलं पायानं थांबवलं, आणि थांबवता थांबवता मला उमगलं की मी अडाण्यासारखी वागले होते. जन्म स्लॅबवर गेला माझा. स्लॅबच्या दिवशी कुणी घमेलं घेऊन चालत जातं का? माणसं जागच्या जागी उभी राहतात आणि घमेलं चालतं. आत्यापर्यंत जायची गरजच नव्हती.

"पक्कड राहू दे तिथंच," मी म्हणाले. "आज आमच्या घरी स्लॅब हाय. सगळ्यांनी लाईनीला लागा."

तो शब्द मी घरात पहिल्यांदा वापरला. इतकी वर्षं गावाला दिला, स्वतःला म्हणून कधी घेतला नव्हता. तो म्हणताच दोरी नुसती थरारली.

"जेवण कुणाचं?" लोहकऱ्यानं भिंतीशी बसल्या बसल्या विचारलं. स्लॅबच्या दिवशी हे विचारतातच.

"मालकाचं," मी म्हणाले. "आमचं."

मी चुलीवर मोठी किटली ठेवली. गाव एकेक करून अंग आडवं करत आत शिरायला लागलं. प्रत्येकानं दोरीला पाठ लावायची, हात मोकळे ठेवायचे, शेजाऱ्यापासून हातभर अंतर. खुटाळे बाई, इलाही, शमीम, त्यांच्या मुली, वरच्या आळीचा तो उघड्या तोंडाचा बाप, त्याचा औषधवाला जावई. पुढच्यांना अंधारात काही दिसेना, तेव्हा लोहकऱ्यानं हातानं चाचपत दोरीतला करंट मोकळा केला. खोलीभर, पार आतपर्यंत, डोक्यावर दिवे लागत गेले. तेव्हा पहिल्यांदा दिसलं आमचं घर किती लांब आहे ते. लोक "अबब" म्हणाले. मला उगीचच अभिमान वाटला.

बाईंनी घातलेली शिक्षा मात्र कुणाच्याच कामाला आली नाही. ती मध्येच कुठंतरी सुटली आणि तेवढ्या भागातली बारा माणसं कान धरून उभी राहिली. त्यांना ओरडून हात सोडायला लावावे लागले.

चहाला उकळी फुटली. मी किटली घमेल्यात ठेवली आणि घमेलं पहिल्या हातात दिलं.

"चला... हां!"

"हां!" शेजारच्यानं म्हटलं.

"हां! हां! हां!" घमेलं निघालं. एवढ्या वेगानं आमच्या घरात कधी काही गेलं नव्हतं. मी दाराशी उभी राहून "हां" लहान लहान होत जाताना ऐकत होते. मग ते थांबलं. बऱ्याच वेळानं तोंडातून तोंडात एक निरोप परत आला. शेवटी भोईट्यानं तो मला सांगितला. तो दाराजवळच उभा होता.

"ताई, माणूस संपला. गाव संपलं, खोली उरलीय."

"किती?"

"चाळीसेक माणसाची."

हे बोलून तो माझ्याकडे बघतच राहिला. मीही त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि स्टँडवर ओरडतो तसा दोरीकडे तोंड करून ओरडला, "माळवाडी! माळवाडी! चला, पुढं चला, माळवाडी!"

दोरीतून माणसं बाहेर पडायला लागली. फेटेवाले, पिशव्यावाले, काखेत कोंबडी धरलेली एक म्हातारी, कपबशांची पेटी डोक्यावर घेतलेला एक जण. एकानंही दुसऱ्याला ढकललं नाही. एवढी वर्षं रांगेत काढलेली माणसं ती, त्यांना शिकवायचं काय. शेवटच्या गावकऱ्याच्या पुढे ती एकेक हातावर उभी राहत गेली. पिशव्या पायाशी ठेवल्या. हात मोकळे केले.

"हां!" आतून आलं. "हां! हां!"

मी दोरीवर बोट ठेवून उभी होते.  बोटाखाली दोरी किंचित, अगदी किंचित सैल होत होती, म्हणजे आत्याचं एखादं बोट आणखी उघडत होतं. आत कुठंतरी इलाहीची जुनी शीळ दोरीतून सुटली आणि खणखणीत वाजत दारापर्यंत आली. दाराजवळ उभी असलेली शमीम खांद्यावर पदर ओढून लाजली. आणि शिळेपाठोपाठ माझ्या बोटाला टिचकी लागली.

एक. चांगली जोरदार, पहिल्यासारखी.

"चहा पोचला!" मी ओरडले. काय आवाज झाला म्हणून सांगू. सगळं गाव एका खोलीत, एकामागं एक, आणि सगळे एकदम ओरडले. छताची माती पडली. औषधवाल्या जावयानं सासऱ्याला मिठी मारली, अरुंद जागेत जेवढी मारता येते तेवढी.

मग घमेलं परत निघालं. आता "हां" जड येत होतं, मोठं मोठं होत येत होतं. "सावकाश! सावकाश!" असं मधूनमधून ऐकू येत होतं. "हां! आलं! धरा! हां!" आणि खुटाळे बाईंच्या हातातून भोईट्याच्या हातात, आणि भोईट्याच्या हातातून माझ्या हातात, घमेल्यात बसून ठकूआत्या आली. लुगडं नीट आवरून बसलेली. मांडीवर किटली. उजव्या हाताची मूठ छातीशी घट्ट.

मला वाटलं होतं ती बारीक झाली असेल. वजन तसंच होतं. मी घमेलं उंबऱ्याशी उतरवलं आणि तिच्या कुशीत डोकं घातलं. एवढी मोठी बाई मी, सगळ्या गावासमोर हुंदके देऊन रडले.

"साखर जास्त झाली," आत्या म्हणाली. "पण गरम व्हता."

तिनं किटली माझ्यापुढे केली. "रिकामी न्हाई आणली."

मी झाकण काढलं. आत तिची मला न पोचलेली उत्तरं होती. ती सगळी एकदम बाहेर आली. होय. नको. पुरं. वाजती थोडी. दार लावून घे. तू जेवलीस का. तू जेवलीस का. तू जेवलीस का.

माणसं बाहेर यायला लागली. भोईटे दाराशी उभा राहून मोजत होता. आधी गाव बाहेर आलं, मग चाळीस जण आले. "गाडी लागली का?" कोंबडीवाल्या म्हातारीनं विचारलं. भोईटे म्हणाला, "लागंल, आधी जेवा." चाळीसावा माणूस बाहेर पडला तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. भोईट्यानं दोनदा मोजलं. अंगणात पंगत बसली, लोहकऱ्याची बायको पिठलं ढवळत होती, आणि कुणीतरी हलगी आणली होती.

मी आत्याची मूठ हातात घेतली. एकेक बोट सोडवलं. तळहातावर आयुष्यभराचा पांढरा वळ होता, आणि त्यावर शब्दाचं दुसरं टोक. मी पहिल्यांदाच ते पाहत होते. ते मी खिळ्याला, पहिल्या टोकाच्या शेजारी बांधलं.

दोन्ही टोकं आता दाराशी होती. मधली दोरी आत जमिनीवर ढिली पडायला हवी होती. ती पडली नव्हती. खिळ्यापासून दोन पांढऱ्या रेघा निघून दिव्यांच्या खालून शेजारी शेजारी पार आत गेल्या होत्या. दोन्ही सरळ, दोन्ही ताठ. आत्यानंही ते पाहिलं. बाहेर हलगी वाजत होती.

"मार," ती म्हणाली.

मी टिचकी मारली. एक. धरलंय.

आम्ही वाट पाहिली. मग माझ्या बोटाला, आणि शेजारच्या दोरीवर ठेवलेल्या तिच्या बोटाला, एकाच वेळी, पलीकडून दोन टिचक्या आल्या. ताण. आत्यानं तळहातांवर थुंकी टाकून ते चोळले आणि घमेल्यातून उठली.